रहिवासी दाखला

दिवसभर मी दाखले काढून देते.
अमुक तमुक, राहणार दोंडाईचा,
येथे पंधरा वर्षांपासून राहतो.
लाईट बिल जोडलं, रेशनकार्ड जोडलं,
तेहेतीस रुपये साठ पैसे,
सुट्टे कोणाकडेच नाहीत.
शटर ओढलं की मग जिभाऊची फाईल.

तिकडच्या वकीलबाईंचा निरोप
हेतलवहिनीने पाठवलाय:
घरच्यांचं पत्र हवं, आईच्या सहीचं, सोमवारच्या आत.
लिहा की परत धाडलं तर त्याचं इथे कोणी नाही,
राहायला जागा नाही, काम नाही,
सतरा वर्षांत गाव त्याला ओळखेनासं झालंय.

आतमध्ये त्याला नऊ आकडे दिलेत.
भालेराव हिंमत सोनवणे तिथे कोणीच नाही,
आकडे सांगितले की फोन जोडून देतात, पंधरा मिनिटं,
त्यातली दोन एक बाई इंग्रजीत बोलते
आणि शेवटच्या मिनिटात आम्ही सगळे एकदम.
परवा म्हणाला, भात मिळतो, पण गार.
मग म्हणाला, मिरची कशी शे यंदा?
आई म्हणाली, लाल.

मामा शहाद्याहून आला,
मामीच्या पाटल्यांचे पैसे पेपरात गुंडाळून.
नाना ज्यांच्याकडे तोलारी होते
त्या शेटनी पन्नास हजार मोजले, पावती नको म्हणाले,
फक्त विचारलं, पोरानं केलं काय?
काही नाही केलं. एक तारीख उलटून गेली होती कागदावरची,
तिच्यावर तो अकरा वर्षं जगला.

गल्लीतली विमलकाकू म्हणते,
"येऊ द्या ना मंग त्याले. घरच शे ना त्यानं."
खरंच आहे. हद्दपार करून कुठे धाडणार?
इथेच. ह्याच ओट्यावर.
तिला कसं सांगू, इरा सहा वर्षांची आहे,
तिचाही पासपोर्ट निळाच, पण वेगळा निळा,
आणि तिचा पुढचा दात पडला
तो तिने डबीत ठेवलाय, पप्पा बघतील म्हणून.

मी लिहायला बसले.
'त्याचे येथे कोणीही नाही' एवढं टाईप केलं
आणि मोठ्याने वाचलं, कारण ऐकल्याशिवाय आई सही करत नाही.
नानांची शिस्त: काटा थांबल्याशिवाय आकडा बोलायचा नाही.
ती मिरच्यांचे देठ काढत होती.
म्हणाली, "मी शे ना."
म्हटलं, हे कोर्टासाठी आहे.
"बरं. मंग लिख.
पन मी शे ना?"

पुसलं. 'जवळचे कोणी नाही.'
पुसलं. 'आई वृद्ध असून सांभाळ करू शकत नाही.'
ह्यावर ती हसली.
मागच्याच आठवड्यात अर्धं पोतं
एकटीने गच्चीवर नेलं होतं.

रात्री दीडला सही झाली.
सही तिला जिभाऊनेच शिकवली, तो चौथीत असताना, पाटीवर,
म्हणून सुंदरबाईतल्या 'ई'ची शेपटी
अजून त्याच्यासारखीच भलतीकडे जाते.
बोटं तिखटाची होती. कागदावर लाल डाग उमटला,
स्कॅन केल्यावर काळा आला.
मी तसाच पाठवला.

दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने
अंधारातून आवाज आला,
"देवले काय मांगू?
तो येवो, का नही येवो?"
मी झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी गच्चीवर, मिरच्यांपासून जरा दूर,
तिखट लागू नये इतकी दूर,
एक गादी उन्हात टाकलेली.
माझी नव्हती. तिचीही नव्हती.
मी काही विचारलं नाही.

दहाला शटर उघडलं.
पहिल्याच माणसाकडे लाईट बिल नव्हतं,
भाड्याच्या खोलीत राहतो म्हणाला, मालक देत नाही.
म्हटलं, बघू काहीतरी.
बसा.